ओतूरचा दावा आणि जोतिरावांचा हिशेब

माळशेजचा घाट चढून कल्याणहून नगरच्या दिशेने येणाऱ्या रस्त्यावर, मांडवी नदीच्या काठी ओतूर हे गाव लागते. संत तुकारामांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आणि कपर्दिकेश्वराचे मंदिर यांमुळे वारकऱ्यांना हे गाव परिचित आहे. अलीकडच्या पिढीला ते ठाऊक आहे मुख्यत्वे कांद्याच्या बाजारामुळे. मात्र सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी याच गावातील एका घरगुती प्रसंगाने न्यायालयाची पायरी गाठली आणि त्यातून निर्माण झालेला प्रश्न थेट मुंबई उच्च न्यायालयात जाऊन पोहोचला, याचे स्मरण आज फारसे कोणाला नसेल.

ओतूरचे बाळाजी कुसाजी पाटील यांनी १८८४ च्या सुमारास आपल्या घरचे लग्न सत्यशोधक पद्धतीने, ब्राह्मण पुरोहितास न बोलावता लावले. गावच्या वतनदार जोशांना हे मान्य नव्हते. विधी कोणीही केला असो अथवा झालाच नसो, वतनाच्या हक्काने आपली दक्षिणा आपणांस मिळालीच पाहिजे, असे म्हणत त्यांनी दावा लावला. वरवर पाहता हा धर्माचा आणि मानपानाचा तंटा होता. पण त्याच्या मुळाशी एक निखळ आर्थिक प्रश्न दडलेला होता. जी सेवा घेतलेलीच नाही, तिचे मोल कुटुंबाने का द्यावे? असे देणे ज्याला टाळता येत नाही, त्याच्यासाठी ती दक्षिणा न राहता कर होऊन बसते. हा दावा लढविणाऱ्या पाटलांच्या मागे पुण्यातील ज्या गृहस्थांचे पाठबळ उभे होते, त्यांचे नाव जोतिराव गोविंदराव फुले.

महात्मा फुले यांचे नाव घेताच आपल्याला मुलींची शाळा आठवते, खुला केलेला पाण्याचा हौद आठवतो, सत्यशोधक समाज आठवतो. अर्थविचारक म्हणून मात्र त्यांच्याकडे क्वचितच पाहिले जाते. तो मान आपण दादाभाई नौरोजींना आणि न्यायमूर्ती रानडे यांना देतो, आणि ते योग्यही आहे. तथापि शेतातील उत्पन्न, घरातील शिल्लक आणि देशाबाहेर जाणारा पैसा या तीन गोष्टी एकाच साखळीच्या कड्या आहेत, हे शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून सांगणारा पहिला मराठी लेखक जोतिरावच होते. त्यांच्या चरित्राकडे या बाजूने पाहिले, तर ओतूरच्या लग्नाचा अर्थही अधिक स्पष्ट होतो.

फुलांचा व्यवसाय आणि गमावलेले इनाम

जोतिरावांचा जन्म १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात स्थिरावल्यावर पेशव्यांच्या दरबारी फुले पुरविण्याच्या धंद्यावरून त्यांना फुले हे नाव पडले. या सेवेबद्दल घराण्याला जमीन इनाम मिळाली होती. ती थोरल्या काकांनी एकट्याच्या नावे करून घेतली आणि गोविंदरावांना भाजीपाला व फुलांच्या व्यापारावर संसार उभा करावा लागला, असे चरित्रकार सांगतात. राबणारा एक आणि फळाचा धनी दुसरा, हा अनुभव जोतिरावांना पुस्तकातून मिळवावा लागला नाही. तो त्यांच्या घरातच होता.

आई चिमणाबाई जोतिराव तान्हे असतानाच निवर्तल्या. पुढे काही काळ शिक्षण थांबले, पोर शेतात काम करू लागले आणि पुन्हा १८४१ मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेत त्यांचे नाव घातले गेले. १८४० मध्ये नायगावच्या नेवसे घराण्यातील सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह झाला होता. १८४८ मध्ये या दांपत्याने पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. येथे नोंदवायची गोष्ट निराळी आहे. शाळांचा हा खर्च चालविताना जोतिराव केवळ देणग्यांवर विसंबले नाहीत. त्यांनी धातूच्या ओतकामाचे साहित्य विकण्याचा व्यवसाय केला, सरकारी बांधकामांना दगड, चुना यांसारखा माल पुरविण्याची कंत्राटे घेतली आणि पुण्याजवळच्या धरणाच्या कामाशीही त्यांचा कंत्राटदार म्हणून संबंध आला. मजुरांना रोजचा दाम काय मिळतो, कागदावर काय लिहिला जातो आणि मधल्या हातांत किती राहतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्यांच्या लेखनात आकडेमोड आणि हिशेबाची जी सवय दिसते, तिचे मूळ या धंद्यात आहे.

त्यांचे पहिले महत्त्वाचे लेखन म्हणजे १८५५ मधील ‘तृतीय रत्न’ हे नाटक. त्याचा विषयच घरखर्चाचा आहे. गरोदर पत्नी आणि तिचा भोळा शेतकरी नवरा यांना पोटातल्या बाळावरील ग्रहांची भीती घालून भटजी त्यांच्याकडून पैसा आणि अन्न उकळतो. घरात शिल्लक नसल्याने ते जोडपे कर्ज काढते. अजून न जन्मलेल्या मुलाच्या नावावर घराच्या खात्यात पहिली नोंद पडते ती देण्याची. जोतिरावांच्या पुढील सर्व अर्थविचाराचे बीज या प्रसंगात आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

तेजीची वर्षे आणि त्यांची किंमत

यानंतरच्या दशकात दख्खनमध्ये जे घडले, ते समजून घेतल्याखेरीज जोतिरावांचा हिशेब कळत नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथून इंग्लंडच्या गिरण्यांना जाणारा कापूस थांबला. हिंदुस्थानी कापसाला न भूतो असा भाव आला. मुंबई बंदरात चांदीचा ओघ सुरू झाला, शहरात समभागांचा जुगार माजला. कापूस न पिकविणाऱ्या तालुक्यांतही त्याची ऊब पोहोचली. धान्याचे भाव वाढले, रेल्वेच्या आणि सरकारी बांधकामांमुळे मजुरीचे दर चढले, बैलगाडीवाल्यांना काम मिळाले. १८६३ मध्ये भोर घाटातून आगगाडी वर आली. त्याच वेळी जुन्नर भागातील नाणेघाटासारख्या जुन्या वाटांवरील बैलांच्या तांड्यांची वर्दळ मागे पडत गेली, हे त्याचे दुसरे अंग.

येथे अर्थशास्त्रातील एक साधा पण निर्णायक प्रश्न उभा राहतो. घरात आलेली बरकत टिकणारी आहे की तात्पुरती? विहिरीला पाणी लागल्याने, जमिनीची बांधबंदिस्ती झाल्याने अथवा नवी विद्या हाती आल्याने उत्पादकता वाढली असेल, तर ती वाढ वर्षानुवर्षे पुरते. अशा कुटुंबाने खर्च वाढविला, पुढच्या उत्पन्नाच्या भरवशावर थोडे कर्जही काढले, तरी त्यात शहाणपण असते. पण बरकत परक्या मुलखातील युद्धामुळे आली असेल, तर ती युद्धाबरोबरच जाणार. तेव्हा शहाणपण असते ते शिल्लक टाकण्यात. देशाचेही असेच आहे. टिकाऊ प्रगतीच्या वाटेवर असलेला देश बाहेरून भांडवल आणून कारखाने आणि कालवे उभारतो व काही काळ बाहेरच्यांचा ऋणी राहतो. तात्पुरत्या तेजीत मात्र त्याने बाहेरच्यांकडून येणे जमवून ठेवावे, हे हिताचे. चूक होते ती एक प्रकार दुसरा म्हणून गणल्यावर.

दख्खनमध्ये नेमकी हीच चूक झाली, आणि ती सर्वांत मोठ्या प्रमाणावर केली ती सरकारने. तीस वर्षांच्या मुदतीचा जुना सारा संपताच १८६७ पासून इंदापूर तालुक्यात नवी आकारणी सुरू झाली. चढलेले भाव हे जमिनीची कायमची सुबत्ता समजून सारा भरमसाट वाढविण्यात आला. सावकारांनीही त्याच समजुतीवर सढळ हाताने कर्जे दिली. तोवर युद्ध संपले होते. १८६५ मध्ये मुंबईचा बाजार कोसळला आणि पुढच्या काही वर्षांत शेतमालाचे भावही उतरले. उत्पन्न खाली आले, सारा मात्र वरच राहिला. तो भरण्यासाठी शेतकरी पुन्हा सावकाराच्या दारी गेला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावी बाजारच्या दिवशी जमाव उठला आणि कर्जखतांची होळी झाली. दंगे पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. माणसांच्या जिवापेक्षा कागदांवर राग काढणारा हा उठाव जगाच्या इतिहासातही विरळाच म्हणावा लागेल. त्याचा परिणाम म्हणून १८७९ मध्ये दख्खन कृषक कर्जनिवारण कायदा आला. कर्जाचा पूर्वेतिहास तपासण्याचा आणि व्याजाला आवर घालण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला.

याच सुमारास, १८७६ ते १८७८ या वर्षांत, मोठा दुष्काळ पडला. शिल्लक नसलेल्या घराला एक पावसाळा चुकला तरी काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले. देशातून धान्याची निर्यात त्या काळातही चालूच राहिली. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे उपाशी मुलांसाठी अन्नाची सोय केली. जोतिराव तेव्हा पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. पुढे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा हा पैसा शिक्षणावर खर्चावा असे सांगून त्यांनी विरोधी मत दिले. त्या बैठकीत विरोध करणारे ते एकटेच होते.

‘शेतकऱ्याचा असूड’

या सर्व अनुभवांचा निचोड १८८३ मध्ये लिहून पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात उतरला. त्याचा काही भाग ‘दीनबंधू’ पत्रात छापून आला, पण पुढचा छापण्याचे धाडस मुंबईतील त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनाही झाले नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना या ग्रंथातील भाग स्वतः जोतिरावांनी वाचून दाखविले.

ग्रंथाची भाषा कडक आहे आणि काही ठिकाणी अन्यायकारकही वाटेल. पण त्यामागील मांडणी अत्यंत सुसंगत आहे. पहिला प्रश्न उत्पादकतेचा. पूर्वी डोंगरावरचा पालापाचोळा, जनावरांचे शेण, मेलेल्या जीवांचे सत्त्व पावसाबरोबर शेतात उतरत असे. जंगल खात्याने गायराने आणि राने बंद केली, गुरे कमी झाली, खत घटले. बांधबंदिस्तीअभावी मातीतला कस ओढ्यानाल्यांतून वाहून जाऊ लागला. वाटण्यांमुळे जमिनीचे तुकडे झाले आणि शेते पडीक ठेवून विसावा देणे परवडेनासे झाले. त्यामुळे तेवढीच माणसे तेवढ्याच कष्टाने कमी पिकवू लागली. शेतीची उत्पादकता घटण्याची इतकी सविस्तर आणि निरीक्षणावर आधारलेली मीमांसा त्या काळच्या मराठीत दुसरी नाही.

दुसरा प्रश्न घराचा. जे काही पिकते त्यातून सारा, लोकल फंड, सावकाराचे व्याज, कचेरीतील लाच आणि जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींचा खर्च वजा करीत जोतिराव शेतकऱ्याच्या घरात शिरतात. त्या घरातील भांडी, कपडे, जेवण यांचे त्यांनी केलेले वर्णन वाचताना आजही मन अस्वस्थ होते. या घराने बचत का केली नाही, हा उपदेशकाचा प्रश्न त्यांच्या मते मुळातच खोटा होता. घरात शिल्लक राहील एवढे त्या घराच्या हाती कधी लागतच नव्हते.

तिसरा प्रश्न देशाचा. गोळा झालेला सारा जातो कोठे? गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पगारांत, फौजेच्या खर्चात, निवृत्तांच्या वेतनांत आणि इंग्लंडमधील धनकोंच्या व्याजात, हे जोतिरावांनी स्पष्टपणे मांडले. विलायतेतील यंत्रांवर तयार झालेला स्वस्त माल बेसुमार येऊ लागल्याने येथील विणकर आणि इतर कारागीर बेकार झाले व जमिनीवर येऊन पडले, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. ग्रंथ लिहिला जाण्याच्या आधीच्या वर्षी, १८८२ मध्ये, सरकारने विलायती कापडासह बहुतेक आयात मालावरील जकात उठविली होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. तिकडच्या कामगाराची उत्पादकता यंत्राने वाढली आणि तिचा लाभ स्वस्त कापडाच्या रूपाने येथल्या ग्राहकाला मिळाला, हे खरे. पण ज्याचा माग बंद पडला त्याला दुसरे काम मिळाले नाही. तो आधीच दमलेल्या जमिनीच्या वाट्यात आणखी एक वाटेकरी झाला.

निर्यात होती, शिल्लक नव्हती

दादाभाई नौरोजी १८६७ पासून संपत्तीच्या निःसारणाबद्दल जे सांगत होते, त्याची दुसरी बाजू ती हीच. एखाद्या देशाची निर्यात आयातीपेक्षा सातत्याने अधिक असेल, तर सामान्यतः त्या देशाचे परदेशांकडे येणे साठते. तो देश जेवढे मिळवितो, त्यापेक्षा कमी वापरतो आणि उरलेले बाहेर गुंतवितो, असा त्याचा अर्थ. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानची निर्यात आयातीपेक्षा वर्षानुवर्षे अधिक होती. कागदावर पाहणाऱ्याला हा देश मोठा बचत करणारा वाटला असता.

प्रत्यक्ष व्यवहार असा होता. इंग्लंडमधील व्यापारी हिंदुस्थानी मालाची किंमत लंडनमध्ये भारतमंत्र्यांकडे पौंडांत भरीत आणि त्याबदल्यात रुपयांच्या हुंड्या घेत. त्या हुंड्या मुंबई-कलकत्त्याच्या सरकारी खजिन्यात वटविल्या जात. शेतकऱ्याला मालाचे पैसे मिळत, ते त्याच्याच सहकाऱ्यांनी सारा म्हणून भरलेल्या पैशांतून. लंडनमध्ये जमलेले पौंड निवृत्तिवेतने, कर्जावरील व्याज, लष्करी खर्च आणि रेल्वे कंपन्यांना हमी दिलेला पाच टक्के परतावा यांत संपत. माल गेला आणि येणे उरले नाही. त्यात १८७३ नंतर चांदी घसरू लागली. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी जवळजवळ दोन शिलिंग किमतीचा रुपया १८९२ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. तेवढेच पौंड देण्यासाठी अधिक रुपये, म्हणजे अधिक सारा, म्हणजे अधिक धान्य बाजारात, असे हे चक्र होते. ज्याला आपण देशाची शिल्लक म्हणू, ती वस्तुतः कुटुंबांकडून सक्तीने काढून घेतलेली बचत होती, आणि तिच्यावर मालकी दुसऱ्याची होती.

जोतिरावांनी हुंड्यांचे आणि विनिमयदराचे हे तंत्र मांडले नाही. त्यांची भूमिका शेतकऱ्याच्या अंगणातून दिसणारी होती. पण तेथून त्यांना जे दिसले, तेच दादाभाईंना लंडनच्या आकड्यांत दिसत होते.

उपायही त्यांच्या हिशेबातच

केवळ दोष दाखवून थांबणे जोतिरावांच्या स्वभावात नव्हते. पाणलोटाचे पाणी अडविण्यासाठी तळी आणि बंधारे बांधावेत, रिकाम्या बसणाऱ्या लष्कर आणि पोलिसांच्या मनुष्यबळाकडून ती कामे करून घ्यावीत, चांगल्या जातीची जनावरे आणावीत, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण द्यावे, शेतीची प्रदर्शने भरवून उत्तम पीक काढणाऱ्यांना बक्षिसे द्यावीत, असे उपाय त्यांनी सुचविले. यांतील प्रत्येक उपाय टिकाऊ उत्पादकता वाढविणारा आहे, हे सहज लक्षात येईल. मुळा-मुठेचा कालवा झाल्यावर त्याचे पाणी घेण्यास शेतकरी कचरत होते, तेव्हा मांजरी येथे स्वतः बागायत करून त्यांनी उसासारखी पिके काढून दाखविली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, याकडे लक्ष वेधून बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी त्यांनी केली. तेही याच हिशेबाचे एक कलम होते. कुणब्याच्या पोराची विद्या हे त्यांच्या दृष्टीने दुष्काळातही न बुडणारे भांडवल होते.

जुन्नर तालुक्यात त्यांचे विचार सर्वांत खोल रुजले. १८८५ च्या सुमारास या भागातील शेतकऱ्यांनी सावकारांच्या ताब्यात गेलेल्या जमिनी खंडाने कसण्यास नकार दिला. पिकाचा मोठा वाटा खंडात जाणार असेल, तर जास्त पिकविण्याची उमेद कोणाला राहील? जमीन पडीक ठेवून त्यांनी हाच प्रश्न विचारला. या हालचालींना जोतिरावांचे मार्गदर्शन होते. ओतूरचा दावाही याच वर्षांतला. जुन्नरच्या न्यायालयातून निघालेले ते प्रकरण अखेर मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जोतिरावांच्या अखेरच्या वर्षांत निकाल पाटलांच्या बाजूने लागला. घरच्या कार्यात पुरोहितास न बोलावणाऱ्या यजमानावर दक्षिणेचे देणे लादता येणार नाही, हे त्यामुळे ठरले. शेतकऱ्याच्या घराच्या भिंतीला असलेल्या अनेक भोकांपैकी एक तरी कायद्याने बुजले.

या बाबतीत एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. १८७५ च्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने लग्नकार्यांतील खर्चाला कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिले जाते, असे मत नोंदविले होते. साऱ्याचा बोजा, पावसाची बेभरवशी चाल आणि चक्रवाढ व्याज ही कारणे अधिक भारी होती. जोतिरावांच्या लेखनात पुरोहितवर्गावर जेवढा रोख आहे, तेवढा सावकारीच्या यंत्रणेवर नेहमी दिसत नाही, ही टीका त्यांच्यावर करता येईल. परंतु साऱ्याचा प्रश्न शेतकऱ्याच्या हाती नव्हता, पावसाचाही नव्हता. लग्नाचा होता. स्वतःच्या हातात असलेल्या गळतीपासून सुरुवात करावी, म्हणजे इतर गळत्यांविरुद्ध उभे राहण्याचे बळ येते, हे त्यांनी ओळखले होते. जुन्नरकरांनी एकाच काळात लग्नाचा आणि खंडाचा असे दोन्ही लढे दिले, हा योगायोग नसावा.

अखेरची वर्षे

२ मार्च १८८८ रोजी पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. जडजवाहिरांनी मढलेल्या त्या पाहुण्यांत जोतिराव गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि खरा हिंदुस्थान पाहायचा असेल तर खेड्यांत जावे, अशा आशयाचे भाषण त्यांनी राणीच्या पुत्रासमोर केले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. थोड्याच काळात पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू निकामी झाली. तरीही डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ सिद्ध केला. तो १८९१ मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.

कंत्राटांतून मिळविलेला पैसा शाळांत, अनाथ बालकांच्या संगोपनात आणि चळवळीत खर्च झाला होता. अखेरच्या आजारात घरात चणचण होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव निवर्तले. सत्यशोधक समाजाचे काम सावित्रीबाईंनी पुढे नेले आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता त्याही गेल्या. दुसऱ्यांच्या घरात शिल्लक राहावी म्हणून आयुष्यभर हिशेब मांडणाऱ्या या दांपत्याने स्वतःसाठी काही शिल्लक ठेवली नाही.

आजचा शेतकरी लंडनला निवृत्तिवेतने पाठवीत नाही. तरीही जोतिरावांचा हिशेब कालबाह्य झालेला नाही. २०१२-१३ या वर्षी भारताच्या चालू खात्यावरील तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.८ टक्क्यांपर्यंत गेली, तेव्हा तिच्यामागे खनिज तेलाबरोबरच सोन्याची प्रचंड आयात हे एक प्रमुख कारण होते. सरकारला २०१३ मध्ये सोन्यावरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांवर न्यावे लागले. यातले बरेचसे सोने लग्नांत गेले. ते घालणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ती बचत होती, देशाच्या दृष्टीने परदेशाला द्यावयाचे देणे. विहीर, ठिबक अथवा मुलीचे शिक्षण यांत जाऊ शकणारा पैसा कपाटात बसला. घरचे लग्न आणि देशाचा ताळेबंद यांचा संबंध आजही तितकाच थेट आहे.

जुन्नर तालुक्यात आता धरणे झाली, कालवे आले, मांडवीच्या खोऱ्यात बागायत वाढली. बांध, तळी आणि पाणी यांबद्दल जोतिरावांनी जे मागितले होते, त्यातले पुष्कळसे उशिरा का होईना मिळाले. ओतूरच्या बाजारात एखाद्या वर्षी कांद्याला सोन्याचा भाव येतो, दुसऱ्या वर्षी तोच कांदा काढणीच्या मजुरीलाही महाग होतो. तेजीच्या वर्षी हातात आलेला पैसा घेऊन घरी जाणाऱ्या शेतकऱ्यापुढे तोच जुना प्रश्न असतो. ही बरकत टिकणारी की तात्पुरती? तिच्यातून शेततळे होणार, की मांडव मोठा होणार? बाळाजी कुसाजी पाटलांनी आपल्या घरापुरते या प्रश्नाचे उत्तर दिले आणि त्यासाठी ते न्यायालयाच्या पायऱ्या चढले. त्यांच्या गावातून जाणाऱ्या प्रवाशाने कपर्दिकेश्वराचे दर्शन घेताना त्या दाव्याचीही क्षणभर आठवण ठेवावी.